नऊ नंबरचं वाण

पहिला घाणा हसला. तुपात सोडलेले अनारसे बघता बघता सैल पडले, कडेने सुटत गेले आणि कढईभर त्यांचा चुरा तरंगायला लागला. सरलाबाईंनी तो झाऱ्याने काढून ताटलीत टाकला आणि लेकीच्या, मीनलच्या विजेच्या शेगडीला चार शब्द सुनावले. पुण्यात संसाराची पंचेचाळीस वर्षं गेली, त्यांचा अनारसा कधी हसला नव्हता. इथे सगळंच उलटं. पांढरी खसखस आणायची राहिली म्हणून मीनलने जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या दुकानातून इथली काळी खसखस आणून दिली होती. काळ्या खसखशीचे अनारसे, आणि तेही जावयाला! लोक नावं ठेवतील, असं त्या सुनेला म्हणाल्या. उर्जा म्हणाली की आई, इथे नावं ठेवायला आहे कोण, आणि खाणाऱ्याला पांढरी खसखस कुठे माहितीये. तेवढ्यात छताला चिकटवलेला धुराचा भोंगा, राउखमेल्डर, किंचाळायला लागला, तशी ती बोलणं टाकून स्टुलावर चढली आणि टॉवेलने धूर हाकलत राहिली.

सरलाबाईंनी मात्र कढईपुढून हलायचं नाव घेतलं नाही. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला नारायण मानून पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि अनारशांचं वाण द्यायचं, एवढं एक काम त्या महिन्याचं. ते काम त्यांच्या हातून आजवर झालंच नव्हतं. एका अधिकात जावई म्हणाले सामने चालू आहेत. पुढच्यात करोना. त्याच्या पुढच्यात नवऱ्याच्या, आत्मारामरावांच्या छातीवर टाके. आता पुढचा अधिक बघायला आपण दोघं असू की नसू, या एका विचाराने सत्तरी ओलांडलेल्या सरलाबाई अनारशाचं पीठ मांडीवर घेऊन विमानात बसल्या होत्या.

जावई म्हणजे मोसेसे. त्या त्याला मोसेराव म्हणायच्या, आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. फिजी बेटांवरच्या लाबासा गावचा हा मुलगा. उसाच्या मळ्यांमध्ये अनवाणी फुटबॉल खेळला, एकोणिसाव्या वर्षी देशाची जर्सी अंगात घातली, पुढे न्यूझीलंड आणि तिथून जर्मनीच्या चौथ्या लीगमध्ये. पाठीवर नऊ नंबर, गोल मारायचा हाच धंदा. मीनल त्याला भेटली ती इथेच, आणि दोघांनी इथल्या कचेरीत लग्न करून मग घरी कळवलं. आज, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, गावच्या छोट्या क्लबाकडून तो शेवटचा सामना खेळणार होता. दुपारी तीनला. म्हणून वाण सकाळी.

त्याची थोरली बहीण लितिया शेवटच्या सामन्यासाठी लाबासाहून आली होती. अंगाने भरभक्कम, बोलायला थोडकी. लाबासात निम्मी वस्ती हिंदुस्थानी, त्यामुळे दोघा भावंडांना तिकडची गोड मोडकी हिंदी यायची आणि सरलाबाईंशी तिचं छान जमलं होतं. ती ओट्याशी उभी राहून हसलेल्या अनारशांचा चुरा खात होती. सरलाबाईंनी दोनदा सांगितलं की तो टाकायचा आहे. लितियाने दोन्ही वेळा मान डोलावली आणि खात राहिली.

दुसरा घाणा नीट उतरला. जाळी पडली. सरलाबाईंनी शेगडीला मनातल्या मनात माफ केलं.

*

जयंत आदल्या रात्रीच झिंडेलफिंगेनहून गाडी चालवत आला होता. तो मीनलचा धाकटा भाऊ, तिथल्या कारखान्यात इंजिनियर. आईचं हे वाण खरं म्हणजे आपल्यासाठी चाललंय हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यामुळे सकाळपासून त्याला अवघडल्यासारखं होत होतं.

त्याच्या डाव्या पायात अजून सळई आहे. कायझर्सलाउटर्नला शिकत असताना जानेवारीच्या एका संध्याकाळी सायकलवरून येताना गाडीने उडवलं आणि तो बर्फात पडून राहिला. आईबाबांना व्हिसा मिळेपर्यंत दिवस गेले. मीनल तेव्हा आठव्या महिन्यात, डॉक्टरांनी तिला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. त्याच आठवड्यात मोसेला तिसऱ्या लीगच्या एका क्लबाने बोलावलं होतं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलावणं. तो गेला नाही. जयंतच्या खाटेशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिला, डॉक्टरांशी जर्मन बोलला, जयंतचं अंग पुसलं. जयंत शुद्धीवर आला तेव्हा तो लाबासाच्या हिंदीत काहीतरी गुणगुणत होता. क्लबाने चार दिवस वाट पाहून दुसरा स्ट्रायकर घेतला. पुन्हा तसं बोलावणं आलं नाही.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त बाबांनी त्याबद्दल मोसेला कधी एक अक्षर म्हटलं नव्हतं. हॉस्पिटलात बाबा आले तसा मोसे खुर्चीवरून उठला, मान खाली घालून बाजूला झाला आणि निघून गेला. लग्नापासून तो असाच. बाबा ज्या खोलीत बसतील तिथे हा टेकायचा नाही, एका टेबलाशी जेवायचा नाही. पुण्याला लग्नानंतर एकदाच आला, पुन्हा नाही. बाबा म्हणायचे, खेळाडू माणूस, ताठा असायचाच. मोसे काहीच म्हणायचा नाही.

आज पाट म्हणून मीनलच्या लेकीचं, स्पृहाचं लहानपणीचं लाकडी स्टूल मांडलं होतं. भोवती उर्जाने रांगोळी काढली. मोसे न्हाऊन आला, सांगितलं तसा बसला. गुडघे एवढे वर आले की स्पृहा फिसकन हसली आणि मीनलने तिला डोळे दाखवले. सरलाबाईंनी ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं. मग ताट उचललं. त्यात अनारसे रचलेले, वर छोटं निरांजन. त्यांनी आत्मारामरावांना हात लावायला बोलावलं, कारण वाण दोघांनी मिळून द्यायचं असतं. आत्मारामराव उठले, ताटाला हात लावला. ताट पुढे झालं.

मोसेने हात पुढे केले नाहीत. तो स्टुलावरून खाली उतरून गुडघ्यांवर बसला आणि मान अगदी खाली घातली.

"आई, हे मला नाही घेता येत," तो म्हणाला.

मीनल हळूच म्हणाली की मोसे, घे ना, सगळं समजावलंय ना मी तुला. तो म्हणाला की समजलंय, म्हणूनच. मग त्याने एकदाच वर, आत्मारामरावांकडे पाहिलं.

"बाबांना माहीत आहे."

एवढं बोलून तो उठला, दाराशी ठेवलेली निळी बॅग खांद्याला लावली आणि टीमची मीटिंग आहे असं सांगून निघून गेला. निरांजन तसंच जळत राहिलं. सगळ्यांच्या माना आत्मारामरावांकडे वळल्या.

*

आता आत्मारामरावांची बाजू अशी की त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही.

मीनलने आधी सुरुवात केली. ती सहसा चिडणारी नव्हे, पण चिडली की बारा वर्षांचं सगळं एकदम काढायची. बाबा, तुम्ही त्याला नक्की काय बोललात? पुण्यात बोललात की हॉस्पिटलात? त्याच्याशी कधी सरळ दोन वाक्यं बोललात का? जयंत वडिलांच्या बाजूने उभा राहिला, म्हणाला की ताई, बाबा माणूस म्हणून अवघड आहेत, पण ते खोटं बोलत नाहीत, आणि आईच्या हातातलं ताट नाकारणं हेही काही बरं नाही. यावर उर्जाने नवऱ्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. तिचं म्हणणं, ज्या माणसामुळे तू दोन पायांवर उभा आहेस त्याचा हिशेब तू तरी मांडू नकोस. उर्जा या घरात येऊन तीनच वर्षं झाली होती आणि सासऱ्यांसमोर ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली. तिचं तिलाच नवल वाटलं.

आत्मारामराव वीजमंडळात आयुष्य काढलेला माणूस. आवाज चढला की ते फ्यूज काढून घ्यायचे, म्हणजे स्वतः उठून जायचे. "मी मॅचला येणार नाही," ते म्हणाले. "ज्याला माझ्या हातचं नको, त्याला टाळ्या तरी माझ्या कशाला?" आणि गॅलरीत जाऊन बसले.

मीनलची आज क्लबात केक मांडायची पाळी होती. तिने डोळे पुसले, लेकीला आणि केकला गाडीत घातलं आणि ती गेली. सरलाबाई ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्या. निरांजन विझवायचं की विझू द्यायचं, तेही त्यांना सुचेना.

लितिया कढई घासत होती. तिने हात कोरडे केले, सरलाबाईंना खुर्ची दिली आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. सरलाबाईंनी तिला हिंदीत विचारलं की तुझा भाऊ एवढा का रागावलाय. लितिया म्हणाली, राग नाही दीदी. राग असता तर बारा वर्षं तुमच्या लेकीचं घर असं सांभाळलं असतं का? सांगू की नको असं चाललं होतं तिचं. हे सांगायचं नसतं, ती म्हणाली, पण आज तो मैदान सोडेल आणि हे ओझं घेऊन सोडेल, म्हणून सांगते.

"दीदी, तुम्ही त्याचा दात परत केलात ना."

सरलाबाईंना आधी उमजेना. मग आठवलं. पुण्याच्या दिवाणखान्यात मोसे जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या हातात दोरी ओवलेला, कढवलेल्या तुपाच्या रंगाचा एक भला मोठा दात होता. देवमाशाचा. सरकारी परवानगी काढून त्याने तो एवढ्या लांब आणला होता. मीनल तेव्हा बाहेर गेली होती.

लितियाने सांगितलं ते असं. त्याला आमच्याकडे तांबुआ म्हणतात. आमच्याकडे त्याच्याहून मोठं काही नाही. मुलीच्या आईबापांना न विचारता तिच्याशी लग्न केलं, तर मुलाने जाऊन तांबुआ त्यांच्यापुढे ठेवायचा आणि क्षमा मागायची. त्यांनी घेतला, की झालं गेलं पुरलं. परत दिला, तर क्षमा नाही. मग पुन्हा मागायची नाही, विचारायचं नाही, कोणाला सांगायचंही नाही. परत आलेला दात घेऊन गप्प राहायचं. त्या घरात वरच्या जागी बसायचं नाही, त्या घरचा मान घ्यायचा नाही. "आज तुम्ही त्याला देव करून बसवलंत," लितिया म्हणाली. "ज्याला माफी नाही त्याने तो मान कसा घ्यावा?"

सरलाबाई खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. अगं बाई, अगं बाई, एवढंच त्या म्हणत राहिल्या. मग त्यांनी लितियाचे दोन्ही हात धरले आणि तिला समजावू लागल्या की आमच्याकडे जावयाकडून काही घेत नाहीत गं. मुलगी दिली की तिच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यायचं. बापाने द्यायचंच, घ्यायचं कधीच नाही. ह्यांनी तो मान म्हणून परत दिला!

लितिया बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली, पोट धरून, सबंध अंग हलवत. सरलाबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

*

गॅलरीत आत्मारामरावांनी सरलाबाईंकडून सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढे तो दिवाणखाना जसाच्या तसा आला. हा आडदांड मुलगा खाली बसलेला, आपल्या भाषेत काहीतरी म्हणतोय, आवाज कापतोय, मग ओंजळ करून टाळ्या वाजवतोय. त्यांना तेव्हा भरून आलं होतं. वाटलं होतं, पोराने घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आणलीये. म्हणूनच त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि अगदी अदबीने परत त्याच्या हातात ठेवली. हे तुमच्याकडेच शोभतं, असंही म्हणाले होते. आपण हे किती छान केलं, असं त्यांना वाटलं होतं. सकाळच्या फिरायच्या मंडळींना त्यांनी ती हकिकत दोनदा सांगितली होती.

"मी तर मोठ्या मानाने दिला गं परत," ते म्हणाले.

"माहितीये मला," सरलाबाई म्हणाल्या. "पण अहो, त्याला कसं कळावं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बारा वर्षं तो मुलगा आपल्यासमोर मान खाली घालून वावरला आणि आपण त्याला ताठा म्हणत होतो. त्यांना हॉस्पिटलातला तो कॉरिडॉर आठवला. पाठमोरा जाणारा मोसे, आणि बोलायचे राहून गेलेले आपले दोन शब्द. तेव्हा म्हटलं होतं, एवढी घाई आहे तर जाऊ दे. ते उठले आणि लितियाकडे गेले. तिच्याशी त्यांची हिंदी अगदीच कार्यालयीन, पण त्यांनी नीट चौकशी केली. आता घेतला तर चालेल का? ती म्हणाली, चालेल. घेतल्यावर तो कोणाचा? तुमचा. मग मी तो पुढे कोणाला देऊ शकतो? लितिया म्हणाली की द्यायलाच हवा, तांबुआ घरात ठेवायला नसतो. ज्याच्याकडे काही मागायचं असेल किंवा ज्याचे उपकार मानायचे असतील, त्याच्यापुढे तो ठेवायचा.

"जयंता, गाडी काढ," आत्मारामराव म्हणाले.

सरलाबाईंनी अनारसे ताटातून डब्यात भरले आणि डबा मांडीवर घेऊन मागे लितिया आणि उर्जाशेजारी बसल्या. वाटेत जयंत म्हणाला की मॅच आवडली नाही तरी अर्ध्यात उठू नका बाबा, ह्या सीझनला दाजींचे गोल फारसे झालेले नाहीत. त्यावर आत्मारामराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अकरा. ऑगस्टात पहिल्याच सामन्यात डोक्याने मारला होता. नोव्हेंबरात गुडघा धरला म्हणून तीन आठवडे बाहेर होते." जयंतने आरशातून आईकडे पाहिलं. ती म्हणाली की दर रविवारी रात्री जेवण झालं की हे फोनवर ते जर्मन तक्ते काढून बसतात, विचारलं तर म्हणतात हवामान बघतोय.

*

मीनल केकच्या टेबलामागे उभी होती. क्लब छोटा, बाजूला शेतं, एका कडेला सॉसेज भाजायची शेगडी आणि बाकांवर गावातली दोनशे एक माणसं. जाणारी प्रत्येक बाई केक घेताना तिचा हात दाबत होती. कोणाच्या मुलाला मोसेने पेनल्टी मारायला शिकवलं होतं, कोणाच्या मुलीला सायकल. ती प्रत्येकीला डांके म्हणत होती आणि डोकं मात्र सकाळच्या त्या ताटापाशी अडकलं होतं. वाण नाकारणारा माणूस तिला ओळखीचा वाटत नव्हता. बाबांना माहीत आहे, म्हणजे काय माहीत आहे? बारा वर्षं एका घरात राहून तिला जे माहीत नाही असं काय असू शकतं, याचंच तिला जास्त लागलं होतं.

गोल झाला नाही. एकदा त्याने तीस पावलांवरून मारला तो खांबाला लागून बाहेर गेला, आणि सगळं मैदान हळहळलं. पण जुनी चाल तीच. पाठ गोलकडे करून चेंडू छातीवर घ्यायचा, मागच्याला खांद्याने थोपवायचं आणि धावत येणाऱ्या पोराच्या पुढ्यात हलकेच ठेवून द्यायचा. एकमेव गोल तसाच झाला, बाविशीतल्या कोणाच्या तरी नावावर. तिसऱ्या लीगची माणसं असाच स्ट्रायकर शोधतात, असं जयंत नेहमी म्हणायचा. मग बदलीची पाटी वर झाली. नऊ नंबर. दोन्ही टीम थांबल्या, समोरासमोर दोन रांगा करून उभ्या राहिल्या आणि तो त्यांच्यामधून टाळ्यांत चालत बाहेर आला. अध्यक्षांनी फुलं दिली, चौकटीतली जर्सी दिली. स्पृहा पळत जाऊन बापाच्या कमरेला बिलगली. "पापा, दू वार्स्त दोख गूट," ती म्हणाली. तू तर छानच खेळलास.

तेव्हा मीनलला बाबा दिसले. जयंतच्या खांद्यावर हात ठेवून ते राखीव खेळाडूंच्या बाकापर्यंत आले आणि बाकावर बसले. मागे आई, पोटाशी धरलेल्या डब्यासकट. इथे, सगळ्या गावादेखत आता काय बोलणार आहेत? ती केक सोडून धावली.

"मोसेराव," आत्मारामराव म्हणाले. ही हाक आजवर फक्त सरलाबाईंची होती. "तो दात कुठे आहे?"

मोसे जागच्या जागी थांबला. म्हणाला, बॅगेत. मीनल चक्रावली. बॅगेतला तो दात तिने शंभरदा पाहिला होता. प्रत्येक सामन्याला तो सोबत असायचा. नशिबासाठी ठेवत असेल, खेळाडूंचे असतात तसले तोडगे, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं.

"मला हवाय तो," आत्मारामराव म्हणाले. "तेव्हा मी परत दिला, कारण आमच्यात जावयाकडून घेत नाहीत. मला वाटलं, मी तुमचा मान राखतोय. त्याचा अर्थ मला आज कळला. आता घेतो. तुम्ही द्याल तर."

मोसेने बहिणीकडे पाहिलं. लितियाने होकारार्थी मान हलवली. त्याने बॅग उघडली, मोज्यांच्या खालून दात काढला आणि घामाने, मातीने माखलेल्या जर्सीत तसाच गवतावर मांडी घालून बसला. दोन्ही टोकांनी दात धरून त्याने तेच शब्द पुन्हा म्हणायला सुरुवात केली. मध्ये एकदा आवाज गेला. आत्मारामराव थांबले. तो पुन्हा बोलायला लागला, पूर्ण बोलला. मग आत्मारामरावांनी पुढे वाकून दात घेतला आणि छातीशी धरून ठेवला.

"मिळाला," ते म्हणाले. "सगळं मिळालं."

मोसे आणि लितियाने ओंजळ करून टाळ्या वाजवल्या. सरलाबाईंनीही वाजवल्या, जरा उशिरा. मीनलने तोंडावर हात घेतला होता. तिला अजून सगळा उलगडा झाला नव्हता, पण नवऱ्याचे खांदे इतके सैल झालेले तिने कधी पाहिले नव्हते.

"जयंता, मला खाली बसव," आत्मारामराव म्हणाले.

जयंत म्हणाला की बाबा, गुडघे. ते म्हणाले, बसव. एका बाजूने जयंत, दुसऱ्या बाजूने उर्जा, असे दोघांनी धरून त्यांना गवतावर टेकवलं. त्यांनी दात जावयापुढे ठेवला. "परत देत नाहीये," ते घाईने म्हणाले. "लितियाबाईंना विचारून घेतलंय. हा आता माझा आहे आणि मी तो तुमच्यापुढे ठेवतोय. माझा मुलगा बर्फात पडला, तेव्हा मी इथे नव्हतो, तुम्ही होतात. तुमचा खेळ त्यात गेला. ते मला रोज आठवतं आणि मी एकदाही बोललो नाही. फार उपकार आहेत तुमचे माझ्यावर." जयंतने मान फिरवली आणि शेतांकडे बघत उभा राहिला.

मोसेने दात उचलला.

"खेळ कुठे गेला, बाबा," तो म्हणाला. "आत्ता तर संपला. तुम्ही आलात तेव्हा."

तो एवढंच म्हणाला आणि आत्मारामरावांच्या खांद्याला कपाळ टेकवून बसला. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला माती लागली. सॉसेज भाजणारा माणूस चिमटा हातात धरून बघत होता. इथे नक्की काय चाललंय ते क्लबात कोणाला कळलं नाही, पण कोणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सरलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि दोघांना म्हणाल्या की झालं ना तुमचं, मग आता माझं घ्या. वाणाला दिवा लागतो, निरांजन घरी राहिलेलं, वाराही सुटला होता. उर्जाने मोबाईलचा टॉर्च लावून डब्याशेजारी धरला. "नारायणाला चालेल," ती म्हणाली. आत्मारामरावांनी बसल्या जागेवरून डब्याला हात लावला. सरलाबाईंनी डबा पुढे केला.

मोसेने मातीचे हात जर्सीला पुसले, एकदा पुसले, पुन्हा पुसले, आणि दोन्ही हात पुढे केले.